पोळ्या तेवढ्याच, चरबी निराळी

खर्च होऊन उरलेली ऊर्जा शरीर चरबीच्या रूपात साठवते. ही साठवण सगळ्यांच्या अंगी सारखी होत नाही आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो. कॅनडातील लावाल विद्यापीठात क्लोद बुशार यांनी तो मोजून दाखवला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या 12 जोड्यांना आठवड्यातले 6 दिवस, रोज गरजेपेक्षा 1000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी नऊ-दहा पोळ्या! असे 84 दिवस भरले तेव्हा कुणाचे वजन 4.3 किलोंनी वाढले होते, तर कुणाचे 13.3. एका जोडीतले दोघे भाऊ मात्र बरेचसे सारखेच वाढले. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साचणाऱ्या घातक चरबीत तर हे साम्य आणखी ठळक होते. 1990 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

भुकेवरही जनुकांचा ताबा असतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळते. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 1994 मध्ये त्याचे जनुक शोधले. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये दोन चुलत भावंडांत हे जनुक बिघडलेले आढळले. आठ वर्षांच्या मुलीचे वजन 86 किलो होते, दोन वर्षांच्या मुलाचे 29. पोटभर जेवण झाले तरी त्यांची भूक शमत नसे. अशा लेकरांना हावरट म्हणणे हा त्यांच्यावर निव्वळ अन्याय आहे. लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाल्यावर त्या मुलीचे वजन वर्षभरात 16 किलोंनी उतरले.

एका जनुकाने घडवलेला असा लठ्ठपणा फार दुर्मीळ. एरवी शेकडो जनुकांचा थोडाथोडा परिणाम मिळून वजन ठरते. त्यांतले एफटीओ 2007 मध्ये पुढे आले. त्याचा धोक्याचा प्रकार आई आणि वडील अशा दोघांकडून मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन सरासरी 3 किलोंनी जास्त भरले. नियमित हालचाल, व्यायाम करणाऱ्यांत मात्र हा परिणाम कमी दिसतो.

वजनकाटा सगळेच सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2. भारतीय आणि ब्रिटिश शरीरांतला असा फरक जन्मतःच दिसू लागतो. पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली 3.5 किलोंची, पण पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी असले तरी पाठीवरची चरबी जवळजवळ तेवढीच असते. जनुकांइतकेच गर्भारपणातले आईचे पोषणही याला कारण असल्याचे याज्ञिक मानतात.