तेवीस शेपट्या

पहाटे पावणेपाचला आत्याच्या खोलीतला दिवा लागतो. आधी गवती चहाचं आधण, मग चेनचं कव्हर असलेलं मोठ्या टायपाचं पवित्र शास्त्र, मग दोनशे पानी वही, आणि सगळ्यात शेवटी मोबाइल. हा क्रम ती चुकवत नाही. मोबाइल आधी हातात घेतला की डोकं दुसऱ्यांच्या बातम्यांनी भरतं, असं ती म्हणते. मी नगरला तिच्याकडे आठ दिवस राहिले, ते हे काम जवळून बघायला. गेली सात वर्षं मी तिचा सकाळचा निरोप वाचत आले आहे. तो तयार कसा होतो, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

वहीच्या पानावर पट्टीनं आखलेले चार कप्पे: वचन, गंमत, माहिती, शेपटी. पहिले तीन जवळजवळ सगळ्यांना सारखे. शेपटी प्रत्येकाची वेगळी. माणसं तेवीस, त्यामुळे रोज शेपट्याही तेवीस. मी विचारलं, "आत्या, ग्रुप का नाही करत? एकदा टाकलं की झालं."

"ग्रुपवर टाकलेलं कुणाचंच नसतं गं," ती म्हणाली. "दारावर जाऊन सलाम करायचा की चौकात उभं राहून ओरडायचं?"

वचन ती डोळे मिटून पान उघडून काढत नाही. तिला ते आवडत नाही. सहासष्ट पुस्तकं, अकराशे एकोणनव्वद अध्याय. रोज तीन-चार अध्याय सलग वाचत ती वर्षाला एक फेरी पुरी करते, आणि त्या दिवसाच्या वाचनातूनच वचन निवडते. वंशावळी आल्या की पंचाईत होते. लेवीय पुस्तकात तर आठवडा आठवडा जड जातो. पण जे वाट्याला आलं त्यातूनच द्यायचं, हा तिचा नेम. शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, तेव्हाही अवघड धडा तिनं कधी सोडला नाही.

माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी वाचन उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायापासून होतं. आत्याच्या चेहऱ्यावर सकाळीच हसू. अब्राहाम शंभरीला टेकलेला, सारा नव्वदीला, आणि देव सांगतोय की तुम्हाला मुलगा होईल. सतराव्या अध्यायात अब्राहाम हसतो. अठराव्यात सारा तंबूच्या दाराआड हसते, आणि विचारल्यावर घाबरून 'मी नाही हसले' म्हणते. एकविसाव्यात मुलगा होतो, त्याचं नाव इसहाक. हिब्रूत त्या नावाचं मूळ हसण्यातच आहे. "बघ, वचन, गंमत, माहिती, तिन्ही एकाच गोष्टीत. असा दिवस महिन्यातून एखादा," आत्या म्हणाली. त्या दिवशी मस्कतच्या भाचीला गेलेली शेपटी मी वाचली. भाचीला बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेत आणि ती धास्तावलेली आहे. आत्यानं लिहिलं होतं: 'तू तर एकोणचाळीसचीच. साराबाईंपुढे पोरसवदा. लोहाच्या गोळ्या घेतेस ना?'

गमतीवर सगळ्यात जास्त वेळ जातो, हे मला अपेक्षित नव्हतं. विनोद तिच्याकडे चहूकडून येतात, आणि त्यातले बरेचसे ती टाकून देते. कुणाच्या रंगावर, अंगावर, तोतरेपणावर नको. सुनेवर नको, सासूवर नको. जातीवर तर नकोच. एवढं गाळून जे उरतं ते ती कापत बसते. चर्चमधल्या आजोबांचा विनोद तिच्याकडे पंधरा ओळींचा आला होता. तिनं तो असा केला: पाळकसाहेबांनी विचारलं, स्वर्गात कोणाकोणाला जायचंय? सगळ्यांचे हात वर, एका आजोबांचा नाही. "का हो, तुम्हाला मेल्यावर स्वर्गात नाही जायचं?" "मेल्यावर जायचंय की! मला वाटलं, जीप आत्ताच भरताय." मूळ विनोदात शेवटी समजावून सांगणाऱ्या दोन ओळी होत्या. त्या तिनं खोडल्या. हसू आल्यावर पुढे एक शब्दही नको, असं म्हणत ती पेन्सिलीनं खोडत होती आणि स्वतःच हसत होती.

माहितीच्या बाबतीत ती कडक आहे. त्याला कारण घडलं. चार वर्षांपूर्वी तिनं सगळ्यांना कळवलं होतं की चीनची भिंत चंद्रावरून दिसते. पुण्यात विज्ञान शिकणाऱ्या नातीनं लगेच लिहिलं, आजी, नाही दिसत. भिंत लांब आहे, पण रुंदीला फारच कमी. दुसऱ्या दिवशी तेवीसही जणांना 'दुरुस्ती' अशा मथळ्याखाली नातीच्या नावासकट निरोप गेला. तेव्हापासून दोन ठिकाणी पाहिल्याशिवाय माहिती वहीत चढत नाही. मराठी विश्वकोश ती मोबाइलवर उघडते, आणि घरातली जुनी पुस्तकं आहेतच. "ज्या निरोपात देवाचं वचन आहे, त्याच निरोपात खोटी गोष्ट कशी चालेल?" हे तिनं अगदी हळू आवाजात विचारलं.

लिहिण्याची पद्धत वेगळीच. बोटं संधिवातानं आखडलीत, म्हणून ती मोबाइलला मजकूर सांगते आणि तो टाइप करतो. 'पौल' म्हटलं की 'पाऊल' उमटतं. मग चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाजवळ धरून एकेक अक्षर दुरुस्त. ज्या दोन नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजात निरोप. तो मिनिटाच्या आत बसायला हवा म्हणून ती समोर भिंतीवरचं घड्याळ बघत बोलते.

नगरच्या मातीत हे काम नवं नाही. 'ज्ञानोदय' १८४२ साली इथेच अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलं, आणि त्यात धर्माबरोबर विज्ञान, भूगोल, देशोदेशीच्या बातम्याही असत. पुढे १९१२ पासून शेवटपर्यंत रेव्हरंड टिळक त्याचा मराठी भाग सांभाळत होते. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात दुःखाच्या प्रसंगांतही वाचकाला हसवलं. श्रद्धा आणि विनोद एका घरात सुखानं नांदू शकतात, हे मराठीत त्यांच्याइतकं कुणी दाखवलं असेल असं मला वाटत नाही. आत्याची 'स्मृतिचित्रां'ची प्रत इतकी वाचून झालीय की तिला पुठ्ठा दोनदा नवा बांधलाय.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र एक लांबच्या गावाची गोष्ट लिहिलेली आहे. जर्मनीतल्या हेर्नहुट गावी मोरेव्हियातून परागंदा होऊन आलेली ख्रिस्ती कुटुंबं वसली होती. ३ मे १७२८ रोजी त्यांचा आश्रयदाता काउंट झिन्झेन्डॉर्फ यानं संध्याकाळच्या उपासनेत दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं. मग रोज कुणीतरी ते वचन घेऊन गावातल्या बत्तीस घरी जाऊ लागलं. १७३१ पासून वर्षभराची वचनं छापून येऊ लागली, आणि ती मालिका आजही पन्नासहून अधिक भाषांत निघते. आत्यानं या मजकुरात एकाच वाक्याखाली लाल रेघ मारलीय: वचन नेणारा माणूस त्या घरची विचारपूसही करून यायचा.

हे वाचलं आणि शेपटी म्हणजे काय ते मला उमगलं. वचन, गंमत, माहिती हे दार वाजवणं. विचारपूस शेपटीत. साडेनवापर्यंत कुणाच्या निरोपापुढच्या खुणा निळ्या झाल्या नाहीत, की आत्या फोन लावते. न्यू जर्सीतल्यांचा हिशेब वेगळा. तिथली वेळ तिनं वहीच्या मलपृष्ठावर उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची अशी दोन्ही लिहून ठेवलीय.

एका नावापाशी माझी नजर अडली. माझा चुलतभाऊ. गेल्या वर्षी काका गेले, तेव्हापासून तो चर्चला येत नाही. त्याच्या निरोपात वचन नसतं. तो लहानपणापासून आगगाड्यांचा वेडा, म्हणून त्याला बहुतेक वेळा रेल्वेची माहिती जाते. त्या आठवड्यात गेली होती १६ एप्रिल १८५३ ची: बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी, तीन इंजिनं, त्यांची नावं साहिब, सिंध, सुलतान. तासाभरानं त्याचं उत्तर आलं: 'डबे चौदा.' एवढंच. आत्यानं ते मला दोनदा दाखवलं.

"त्याला वचन का नाही पाठवत?" मी विचारलं.

"त्याचं देवाशी भांडण चाललंय. मधे मी कशाला बोलू?"

पण वहीत त्याच्या ओळीवर वचन होतं. रोजचं, तारखेसकट, गेल्या वर्षभराचं. लिहून ठेवलेलं, न पाठवलेलं. ते वाचून ती त्याच्यासाठी प्रार्थना करते आणि पुढच्या ओळीवर जाते.

गुड फ्रायडेला गमतीचा कप्पा कोरा असतो. त्याची भरपाई ईस्टरला होते. मध्ययुगात जर्मन भाषेच्या प्रदेशात ईस्टरच्या प्रवचनात धर्मोपदेशक मुद्दाम हसवणाऱ्या गोष्टी सांगत. मरण हरलं, म्हणून हसायचं. १५१८ साली ओइकोलांपाडियस या धर्मपंडितानं त्यावर टीकाही केली, कारण गोष्टी फार चावट होऊ लागल्या होत्या. आत्याला टीका पटते, प्रथाही आवडते. ईस्टरसाठी वर्षातली सगळ्यात चांगली गंमत ती वहीच्या शेवटच्या पानावर राखून ठेवते. मला ते पान तिनं पाहू दिलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री तिनं वचनाचं आणि माहितीचं लिहून ठेवलं, माझी शेपटी मोकळी सोडली. सकाळी सहाच्या गाडीनं मी पुण्याला निघाले. सुपा ओलांडलं तेव्हा फोन वाजला. वचन त्या दिवसाच्या वाचनातलं. माहिती अशी की स्तोत्रसंहितेतलं सगळ्यात लहान स्तोत्र एकशे सतरावं, दोनच वचनांचं. त्याच्या दोनच स्तोत्रं पुढे सगळ्यात मोठं, एकशे शहात्तर वचनांचं. गंमत एका मुलाची, त्याला रविवारी पाठ करायला हवं तितकं मोठं स्तोत्र निवडायला सांगितलं होतं. कोणतं निवडलं असेल ते तुम्हाला कळलंच.

आणि खाली शेपटी: 'डब्याच्या तळाशी लोणचं आहे. पिशवी आडवी ठेवली असशील. उभी कर.'