आधी गेलेल्यांचा सांगावा

रत्नागिरीतल्या बहुतेक घरांत कुणीतरी आधी मुंबईला गेलेले असते. तिथून तो काय सांगावा धाडतो, यावर मागच्यांचे जाणे ठरत आले आहे. म्हणून इब्री धर्मग्रंथातली बारा हेरांची कथा कोकणी माणसाला चटकन कळेल.

ती ‘गणना’ या पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत येते. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्रायली लोक पारानच्या रानात उतरले होते. देवाने देऊ केलेला कनान देश पाहून यायला त्यांचा पुढारी मोशे याने दर वंशातून एक असे बारा जण पाठवले. जमीन कसदार आहे का, गावांना तटबंदी आहे का, माणसे किती आणि कशी, हे पाहायचे आणि तिथली फळे आणायची, असे त्यांना बजावले होते. 40 दिवसांनी ते परतले, तेव्हा द्राक्षांचा एकच घड दोघांनी दांड्यावर लटकवून आणला होता.

दहा जणांनी सांगितले, मुलूख सुपीक आहे, पण शहरे भक्कम आणि माणसे धिप्पाड आहेत. त्यांच्यापुढे आपण किड्यांएवढे. उरलेल्या दोघांनी, कालेब आणि यहोशवा यांनीही हेच पाहिले होते, तरी ते म्हणाले, आपण जाऊ. लोक दहा जणांचे ऐकून रात्रभर रडले, मिसरला परत निघायच्या गोष्टी करू लागले. त्याची शिक्षा म्हणून एका दिवसाला एक वर्ष, अशी 40 वर्षे त्यांना रानात काढावी लागली. विशी ओलांडलेल्यांपैकी हे दोघेच पुढे कनानात पोचले.

तटबंदी खरी होती, द्राक्षेही खरी होती. पण आपण किड्यांएवढे, ही दहा जणांच्या मनातली भीती होती आणि तीही त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली.

आपल्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल या यहुदी समाजापुढे हाच प्रसंग विसाव्या शतकात आला. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. 1948 नंतर त्यांतले अनेक जण इस्रायलला गेले. काहींना तिथे भेदभाव सोसावा लागला. त्यांनी धरणे धरले आणि 1952 मध्ये शंभरावर माणसे भारतात परतली. त्यांनी आणलेली बातमी खरी होती. पुढे त्यांच्यातलेच अनेक जण पुन्हा तिकडे गेले. लग्नाच्या बाबतीत तिथल्या यहुदी धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली, तेव्हा समाज जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसला. 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले.

अडचण त्यांनी लपवली नाही आणि तिच्यापुढे स्वतःला लहानही मानले नाही. दुबईला किंवा पुण्याला आधी गेलेल्याचा फोन येईल, तेव्हा त्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: तिथे काय पाहिलेस, आणि तुला कशाची भीती वाटली? दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. निघायचे की थांबायचे, हे मात्र पहिल्या उत्तरावर ठरवावे.