आधी चित्रे, मग कॅमेरा

गेल्या डिसेंबरात आम्ही अलिबागेस गेलो होतो. मावशीचे जुने घर जानेवारीत पाडले जावयाचे होते. म्हणून ओटी, माजघर, परसातील विहीर आणि नव्वदी ओलांडलेली मावशी स्वतः, अशी तीनशेहून अधिक छायाचित्रे आम्ही घेतली. आपले पूर्वज जेथे किनाऱ्यास लागले असे आपण परंपरेने मानतो, त्या नवगावासही जाऊन आलो. कॅमेरा नवाकोरा, जर्मनीत नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याने तेथील दुकानातून घेऊन भेट दिलेला. इस्रायलला परतताना आठ दिवस त्याच्याकडे झिंडेलफिंगेन येथे मुक्काम केला.

हे गाव श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येस. पूर्वी विणकरांचे, १९१५ पासून डाइम्लरच्या कारखान्याचे. जुन्या भागात लाकडी चौकटींची घरे आहेत. आणि वाचकांस खरे वाटणार नाही, पण रस्ता ओलांडण्याचे काही पांढरे पट्टे रंगाचे नसून इटलीतील कारारा येथील संगमरवराचे आहेत! कारखान्याच्या करावर गाव गबर झाले, त्या काळची ही ऐट. हे पट्टे टिपावेत म्हणून आम्ही कॅमेरा उचलला, तो भिंगाची नळी कुरकुरत अर्धीच बाहेर आली व तेथेच अडकली. पडदाही काळा पडला.

भाच्याने प्रथम बॅटरी काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेविली. कडक थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही रिकामी भासते. कॅमेरा त्याने पिशवीत घट्ट बंद केला व घरी पोहोचल्यावरही तासभर उघडू दिला नाही. थंड यंत्र एकाएकी उबेत आले की आत दव धरते.

पुढे पडदा उजळला खरा, परंतु त्यावर अक्षरे आली: कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करावे काय? हा दुरुस्तीचाच एखादा प्रकार असावा, असे समजून आम्ही ‘होय’वर बोट नेले.

“मामा, थांबा! बोट काढा आधी!” भाचा ओरडला.

फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडून नवी कोरी लावणे. पाने बहुधा मागे राहतात आणि फोटोरेकसारख्या प्रणालीने पुष्कळदा परत मिळतात. पण त्यांवर नवी चित्रे पडली की संपले, आणि परत मिळतीलच अशी हमी कोणी देत नाही. मावशीचे घर तर आता पुन्हा टिपता येणार नव्हते.

त्याने कॅमेरा बंद करून कार्ड काढले. कार्डाच्या कडेस एक इवलीशी खिटी असते. ती सरकवली की कार्डावर काही लिहिले वा पुसले जात नाही. ती मुद्दाम लावून त्याने कार्ड संगणकात घातले. चार सोडून सर्व चित्रे उघडली! त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी ठेवून मगच कार्डाचे पितळी दिसणारे संपर्क कोरड्या फडक्याने पुसले, खिटी काढली आणि फॉरमॅट केले. कार्ड पूर्ववत चालू लागले.

नळी मात्र हलेना. ती बोटाने रेटण्याची आमची सूचना त्याने फेटाळली. आतील दाते फार नाजूक असतात म्हणे. कार्ड घरी ठेवून कॅमेरा दुकानात नेला. जर्मनीत विकलेल्या नव्या मालातील दोषास विक्रेता दोन वर्षे बांधील असतो. आणि २०२२ पासूनच्या विक्रीत, पहिल्या वर्षभरात दोष दिसल्यास तो मुळात नव्हता हे सिद्ध करणे त्याच्याकडे असते. आम्ही मोठ्या हिमतीने गेलो. तेथील तरुणाने कागद पसरून कॅमेरा हलकेच झटकला, तो नवगावच्या वाळूचे दोन कण खाली पडले. आता वाद कसला घालावयाचा? आम्ही मुकाट्याने वाळूची हकीकत सांगितली. दुरुस्तीचा अंदाज नव्या किमतीच्या निम्म्याहून अधिक निघाला. कॅमेरा अद्याप खणात पडून आहे.

विहिरीचे छायाचित्र मोठे छापून मावशीस धाडले. माडाचा शेंडा कापला गेला, अशी तिची तक्रार आली आहे.