शहरी कचऱ्याची राख आणि आपली जमीन
लाकडाची व गोवऱ्यांची राख पिकास हितकर, हा आपला जुना अनुभव. परंतु शहरी कचऱ्याची राख त्या जातीची नव्हे. अग्नीने कागद, चिंध्या जळतात. शिसे, जस्त, कॅडमियम हे धातू मात्र नाश न पावता धुराबरोबर उडणाऱ्या बारीक राखेत साठतात.

स्वित्झर्लंडात २००० सालापासून जळण्याजोगा कचरा पुरण्यास बंदी असून तो भट्टीत जाळतात. तेथील त्सुखव्हिल गावी, भट्टीचा धूर धुतलेल्या आम्लयुक्त पाण्यानेच ही राख धुण्याची रीत बसविण्यात आली. पाण्यात उतरलेले शिसे, तांबे व कॅडमियम जस्ताची पूड घालून वेगळे करावयाचे, आणि जस्त विजेच्या योगाने शुद्ध मिळवावयाचे. विष घटते, धातूही हाती येतो.

तथापि धुतलेली राखसुद्धा खत नव्हे. मग न धुतलेली फुकट मिळाली तरी शेतकरी बंधूंनी शेतात टाकू नये. जमिनीत मुरलेले शिसे वेचून काढता येत नाही.