फ्लू हे नाव आले कोठून?

ताप, खोकला आणि अंगदुखी एकदम सुरू झाली की आपण 'फ्लू झाला' असे म्हणतो. फ्लू हे 'इन्फ्लुएन्झा'चे लघुरूप होय. या नावाचा माग काढीत गेल्यास आपण एका इटालियन क्रियापदापाशी पोहोचतो.

ते क्रियापद म्हणजे 'इन्फ्लुईरे'. त्याच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'आत वाहणे' असा आहे. आजच्या इटालियन भाषेत मात्र 'परिणाम होणे' या अर्थी ते वापरतात. 'इल क्लीमा इन्फ्लुईशे सुल्ला सालूते' म्हणजे 'हवामानाचा प्रकृतीवर परिणाम होतो'. ज्यावर परिणाम होतो, त्या नामाआधी 'सु' हे अव्यय येते. मराठीत हेच काम 'वर' करते; फक्त ते नामाच्या मागे जोडले जाते.

याच धातुकुळातील 'इन्फ्लुएन्झा' या नामाचा अर्थ 'प्रभाव'. ग्रहताऱ्यांकडून एक अदृश्य प्रवाह माणसात वाहत येतो, अशी पूर्वी युरोपात समजूत होती. साथ एकाएकी येई, कारण दिसत नसे. म्हणून तिलाही हेच नाव मिळाले. १७४३ साली इटलीतून साथ पसरली, तेव्हा हा शब्द इंग्रजीत गेला.

जून १९१८ मध्ये हा रोग मुंबईत दिसू लागला. पावसाळ्यानंतरची दुसरी लाट फार घातक ठरली. आगगाड्यांतून जाणाऱ्या माणसांबरोबर रोग देशभर पसरला. मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग पालेगावशेजारच्या अंबरनाथवरूनच जातो, हे ध्यानात घ्या. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मराठी माणसांनी या साथीला 'मानमोडी' म्हटले. येथेही क्रियापद आहेच : मोडणे!

आता दोन्ही नावे ताडून पाहा. इटालियन नाव रोगाचे कारण सांगू पाहते, पण ते कारण चुकीचे आहे. मराठी नाव रोग्याची दशा सांगते. ती खरी, पण कारण मात्र त्यात नाही. खरे कारण १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांना सापडले. तो होता एक विषाणू. ताऱ्यांतून नव्हे, तर रोग्याच्या खोकल्या-शिंकेतून तो आपल्यापर्यंत येतो. म्हणूनच शिंकताना तोंडावर रुमाल धरावयाचा.

रोगाला नाव दिले म्हणजे रोग कळला, असे होत नाही. देवी, हिवताप, मलेरिया ही नावेही याच कसोटीवर घासून पाहा : कोणते नाव कारण सांगते, आणि कोणते लक्षण?