संगणक नवा आला, दप्तर मात्र जुनेच हवे



सूरजागडच्या डोंगराभोवतालच्या आमच्या एटापल्ली तालुक्यात मे महिना म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. घरची सगळी माणसे पहाटेच रानात जातात. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा आणि वहीत नोंद करून घ्यायची. महाराष्ट्रात २०१४ साली पेसा कायद्याचे नियम आले. तेव्हापासून अनेक ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतःच करतात. त्यामुळे कोणाचे किती पुडे, कोणाला किती पैसे, हा हिशोबही त्यांनाच ठेवावा लागतो.

अशाच एका ग्रामसभेत घडलेली ही गोष्ट आहे. हंगाम संपला, वह्यांवरचा हिशोब संगणकात चढला आणि दोनच दिवसांत वळवाचा पाऊस आला. वीज कडाडली. प्लग भिंतीतच होता. दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होईना. वह्यांपैकी दोन ओल धरून वाळवीने खाल्लेल्या. पैसे वाटायचे अजून बाकी. हिशोब ठेवणारा तरुण माझ्याकडे आला तो रडवेला होऊन.

"साहेब, डबा जळला. लोकांना आता काय तोंड दाखवू?"

मी शेतकीचा पदवीधर, संगणकाचा कारागीर नव्हे. पण कचेरीत अशी दोन-तीन यंत्रे बदललेली पाहिली होती. त्याला म्हटले, "बाबा, डबा जळला म्हणजे दप्तर जळले असे नाही. आधी डिस्क पाहू."

दप्तर असते कुठे?

संगणकात वीजपुरवठ्याची पेटी, मदरबोर्ड, मेमरी असे अनेक भाग असतात. पण आपले लिहिलेले सारे हार्ड डिस्कमध्ये साठते. तळहाताएवढी ही बंद धातूची पेटी. तिच्या आत गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. अक्षरे त्यांवर चुंबकाच्या रूपात उमटतात, म्हणून वीज गेली तरी पुसत नाहीत. विजेच्या झटक्याने कधी डिस्कही जाते, पण पुष्कळदा बाकीचे भाग जळून ती वाचते. मात्र ती पेटी कधीही उघडू नये. धुळीचा एक कण आत गेला तरी घात होतो.

कलम धरेना

ग्रामसभेने चंद्रपूरहून सुटे भाग आणून नवा संगणक जुळवला. शेजारगावच्या आयटीआय झालेल्या मुलाने जुनी डिस्क त्यात लावली आणि बटण दाबले. पडद्यावर निळा रंग आला आणि यंत्र पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले.

कारण आंब्याच्या कलमासारखे आहे. खुंट आणि काडी जुळली नाही तर कलम धरत नाही. जुन्या डिस्कवरचे विंडोज जुन्या मदरबोर्डशी जुळलेले असते. नव्या बोर्डाची ओळख त्याला नसते, सुरू होण्याची पद्धतही आता बदलली आहे. शिवाय ते विंडोज ७ होते. त्याचा आधार कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवला. विंडोज १० चाही सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुन्यावरच यंत्र चालवण्याचा हट्ट सोडावा. नवी डिस्क घेऊन तिच्यावर नवे विंडोज घालावे आणि जुनी डिस्क केवळ दप्तराची पेटी म्हणून शेजारी जोडावी.

हे क्रमाने करावे

१. आधी प्लग भिंतीतून काढावा. डिस्क हाती धरण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

२. नव्या डिस्कवर विंडोज घालताना जुनीची वायर काढूनच ठेवावी. घाईत चुकीची डिस्क निवडली, तर सारे दप्तर पुसले जाते.

३. मग जुनी जोडावी. २००३ नंतर आलेल्या साटा डिस्कची वायर अरुंद असते, ती नव्या बोर्डावरही बसते. त्याआधीच्या डिस्कला चाळीस टाचण्यांची रुंद पट्टी लागते. तिच्यासाठी यूएसबीला जोडायचे साधन मिळते.

४. पडद्यावर "फॉरमॅट" किंवा "इनिशियलाइझ" करण्याविषयी विचारले, तर नाही म्हणावे. हे बटण म्हणजे उभ्या पिकात नांगर.

५. "परवानगी नाही" असे आले तर घाबरू नये. फोल्डर जुन्या नावाने बांधलेले असते. मालकी नव्या नावावर करून घेतली की उघडते.

६. उघडताच पहिले काम नक्कल काढण्याचे. बाकी सारे मागाहून.

७. डिस्कमधून टकटक आवाज आला, तर तत्काळ बंद करावी आणि जाणकाराकडे न्यावी. पुन्हापुन्हा चालवून पाहू नये.

अक्षरे बिघडली

आम्ही याच क्रमाने गेलो. फायली उघडल्या, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि खुणांचा गोंधळ दिसला. तरुणाचा चेहरा पुन्हा उतरला. वास्तविक काहीच हरवले नव्हते. श्रीलिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममध्ये जुन्या फाँटने टंकलेला मजकूर तो फाँट असल्याशिवाय वाचता येत नाही. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये तो सापडला. नव्या संगणकात घालताच नावे दिसू लागली. पुढचे लिखाण मात्र युनिकोडमध्येच करावे, म्हणजे हा त्रास उरत नाही.

एकाच कणगीत बियाणे नको

आठ दिवसांनी ग्रामसभेत यादीचे वाचन झाले. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "माहे पुडे आहेत का जी त्यात?" तरुणाने पाहून सांगितले, "आहेत आजी, एक हजार आठशे साठ." हिशोब केला तर ती सव्वा लाखाहून अधिक पाने होतात. त्या घराने ती एकेक करून खुडली होती. डिस्क पुसली गेली असती, तर या मेहनतीचा पुरावा कोणी द्यायचा?

आपण बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. दप्तराचेही तसेच करावे. एक नक्कल संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर गावातल्या दुसऱ्या घरी, कोरड्या घट्ट डब्यात, आणि तिसरी कागदावर छापून, सह्या घेऊन. हंगामात दर आठवड्याला नक्कल काढावी. ढग दाटले की प्लग काढावा.

यंत्र जळले तर पैसे टाकून नवे आणता येते. घामाची नोंद बाजारात मिळत नाही. पाऊस तोंडावर आला आहे. हा अंक खाली ठेवण्यापूर्वी आपल्या गावचे दप्तर किती ठिकाणी आहे, तेवढे विचारून घ्यावे.