ओल्या सरपणाची किंमत

मृग लागण्यापूर्वीं वर्षाचें सरपण भरून ठेवण्याची चाल आपल्याकडील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. परंतु अशा बेगमीला आगाऊ पैसा व कोरडी जागा हीं दोन्ही लागतात. ज्यांना तीं नाहींत त्यांची स्थिति काय होते, याचें एक उदाहरण आम्ही आज चिली देशांतून देत आहोंत.

चिलीच्या दक्षिणेस तेमूको, ओसोर्नो, कोयाइके हीं शहरें आहेत. तेथें जून ते ऑगस्ट हा कडक थंडीचा काळ. घर उबदार ठेवण्यासाठीं तेथील बहुतेक कुटुंबें धुराडें असलेल्या लोखंडी शेगडींत लाकूड जाळतात. कारण विजेपेक्षां व गॅसपेक्षां तें स्वस्त पडतें.

आतां ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनांत सुमारें निम्में पाणीच असतें. उकळत्या १ किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ती खोलीस न मिळतां वाफेबरोबर निघून जाते. शिवाय आंच मंद राहिल्यानें लाकडांतील ज्वालाग्राही वायु पुरते जळत नाहींत व त्यांचा धूर होतो.

सुस्थितींतील गृहस्थ तेथील उन्हाळ्यांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारींत, लाकूड घेऊन आडोशाला रचतो. हातावर पोट असणारा मनुष्य ऐन थंडींत लागेल तसें थोडें थोडें घेतो, व तें बहुधा ओलें असतें. तें रात्रभर पुरावें म्हणून तो शेगडीची हवा कोंडतो, आणि धूर आणखी वाढतो. भिंतींतून ऊब निसटूं नये यासंबंधींचे बांधकामाचे नियम तेथें २००७ सालीं आले. त्यापूर्वींच्या पुष्कळ घरांत ऊब टिकत नाहीं. अशा रीतीनें गरिबाचा पैसा अधिक जळतो, ऊब कमी मिळते, आणि गांवावर सांचलेला धूर मुलांच्या व वृद्धांच्या छातींत जातो.

हवा फार बिघडली कीं तेथील अधिकारी धुरावर निर्बंध घालतात. २०२२ सालीं सरपणासारख्या घन इंधनाच्या विक्रीचें नियमन करणारा कायदाही झाला. हे उपाय योग्यच आहेत. तथापि, ज्याच्या घरीं दुसरें इंधन नाहीं त्याला केवळ मनाई करून भागत नाहीं, असें आम्हांस वाटतें. उन्हाळ्यांत हप्त्यानें कोरडें लाकूड, तें ठेवण्यास सामायिक छप्पर व घराच्या भिंतींची डागडुजी, एवढें त्याला मिळालें तर त्याच्या शेगडींतलें तेंच लाकूड अधिक ऊब देईल. संपन्न घराला जी बेगमी सहज साधते, ती गरिबाला साधेल अशी सोय करणें, हेंच खरें साह्य होय.